आधी ऐकणे, मग प्रार्थना: ‘हीलिंग द वूंड्स ऑफ ट्रॉमा’ या अभ्यासक्रमाचे परीक्षण

कुणाचे मूल गेले, कुणावर अत्याचार झाला, कुणाचे घर युद्धात जळाले, की ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसे धावून येतात. हात धरतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात. आणि पुष्कळदा पहिल्याच भेटीत ‘देवाची इच्छा’ हे शब्द निघतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणारा माणूस पुढच्या वेळी दार उघडण्याआधी विचार करतो. दुखावलेल्या मनाला ख्रिस्ती विश्वासात खरेच औषध आहे अशी ज्यांची खात्री आहे, त्यांना ते औषध कोणत्या क्रमाने द्यायचे हेही शिकावे लागते. हा अभ्यासक्रम नेमका तो क्रम शिकवतो.

मूळ पुस्तक २००४ मध्ये नैरोबीत प्रसिद्ध झाले. लिहिणारे चौघे: मार्गारेट हिल, हॅरिएट हिल, रिचर्ड बॅगे आणि पॅट मिअर्स्मा. आफ्रिकेतल्या युद्धांनी होरपळलेल्या भागांतले पाळक आणि मंडळीचे पुढारी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ही माणसे स्वतःच हादरलेली होती आणि तरी रोज दुसऱ्यांना धीर देत होती. मानसोपचारतज्ज्ञ गाठणे तिथे जवळपास अशक्य होते, मंडळी मात्र गावोगाव होती. म्हणून मानसिक आरोग्याचे मूलभूत ज्ञान आणि पवित्र शास्त्र एकत्र गुंफून, साध्या भाषेत, गटात बसून शिकता येतील असे धडे तयार झाले. पुढे अमेरिकन बायबल सोसायटीच्या ‘ट्रॉमा हीलिंग इन्स्टिट्यूट’ने हे काम हाती घेतले आणि अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

गट लहान असतो. सहा ते बारा माणसे बरी. चालवणारे दोघे हवेत: एकजण धडा घेत असताना कुणी मध्येच उठून बाहेर गेले तर दुसऱ्याला त्याच्यामागे जाता येते. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक काल्पनिक गोष्ट, तिच्यावर चर्चा, मग शास्त्रभाग, मग प्रत्यक्ष करायची एखादी कृती. गोष्ट काल्पनिक ठेवण्यात शहाणपण आहे. गोष्टीतल्या बाईबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल बोलू लागतो, आणि नको वाटले तर तिच्याच आडोशाला थांबू शकतो. एका धड्याला दीड ते दोन तास धरावेत. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात सगळे उरकता येते, पण जमत असेल तर आठवड्याला एक बैठक घ्यावी. मधल्या दिवसांत झोप बिघडली, जुनी स्वप्ने परत आली, असे काही झाले तर पुढच्या बैठकीत ते मांडता येते. शिबिर संपल्यावर माणूस आपल्या खोलीत एकटाच असतो.

पहिला धडा ‘देव प्रेम करतो, तर मग दुःख का?’ या प्रश्नाचा. हाच धडा सर्वात जास्त वेळा बिघडतो, कारण पाळकाला इथे संदेश द्यायचा मोह आवरत नाही. धड्याची मांडणी खरे तर प्रश्नोत्तरांची आहे. वाढत्या वयात देवाबद्दल काय काय कानांवर पडले, त्यातले शास्त्राशी जुळणारे कोणते, न जुळणारे कोणते, हे गटाने स्वतः शोधायचे. ज्याला बापाकडून मारच मिळाला त्याला ‘स्वर्गीय पिता’ या शब्दात ऊब जाणवत नाही, हेही इथे उघडपणे बोलता येते. गटचालकाने एकसलग दहा मिनिटांहून जास्त बोलू नये हा आमचा आग्रह.

खरी श्रीमंती दुसऱ्या धड्यात आहे. मनाची जखम शरीराच्या जखमेशेजारी ठेवून दाखवली जाते. शरीराची जखम दिसते, मनाची वागण्यातून कळते. दोन्ही दुखतात आणि हात लागला तर कळ येते. वरून खपली धरली आणि आत पू राहिला तर दोन्ही चिघळतात. दोन्ही साफ करावी लागतात, साफ करताना दुखते, आणि भरून आल्यावरही व्रण राहतो. शाळा न शिकलेल्या माणसालाही हे पटकन कळते. त्यानंतर लक्षणे येतात, तीन गटांत: घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा समोर उभी राहणे, म्हणजे स्वप्ने किंवा दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर येणारे प्रसंग; आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे आणि भावना टाळणे, काहीच जाणवेनासे होणे; आणि सतत सावध असणे, दचकणे, झोप न लागणे, चटकन भडकणे. ‘माझा विश्वास कमी पडला म्हणून असे होतेय’ अशी भीती बाळगून आलेल्या माणसाला ही यादी ऐकूनच हलके वाटते. त्याच्या शरीराने धोका ओळखला आणि ते अजून त्याच तयारीत आहे. याला पाप म्हणत नाहीत.

याच धड्यात तीन प्रश्न शिकवले जातात. काय घडले? तेव्हा तुम्हाला काय वाटले? त्यात सर्वात कठीण काय होते? एवढेच. हे साधे वाटतात, पण त्यांचा क्रम नेमका आहे. पहिल्याने घटना बाहेर येते, दुसऱ्याने भावना, आणि तिसऱ्याने ती गोष्ट जी ऐकणाऱ्याच्या अंदाजापेक्षा बहुधा वेगळी असते. घर जळालेल्या माणसाला विचारले तर तो घराबद्दल न बोलता शेजाऱ्याने दार लावून घेतल्याबद्दल बोलेल. तिसरा प्रश्न विचारला नाही तर सांत्वन चुकीच्या जागी होते.

सराव जोडीने होतो. तिथे सर्वात मोठी जखम काढायची नाही, एखादी लहानशी वाईट गोष्ट निवडायची, ही सूचना धड्यातच आहे. गटचालकाने ती दोनदा सांगावी, कारण लोक हमखास मोठीच काढतात आणि दहा मिनिटांत ती उघडी टाकून जेवायला उठावे लागते. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, मध्ये वचन सांगायचे नाही, ‘माझेही असेच झाले होते’ म्हणून आपली कथा सुरू करायची नाही, आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. शास्त्रातल्या, सगळे गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे काहीही चुकले नव्हते. तोंड उघडल्यावर चुकले.

ऐकता ऐकता कुणाचा श्वास वाढला, हात थरथरू लागले, नजर हरवली, तर बोलणे तिथेच थांबवावे. त्यासाठी सावकाश श्वासाचा सराव आहे. पाय जमिनीला टेकवायचे, श्वास हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा, आणि हे चार-पाच मिनिटे करायचे. दुसरा सराव कल्पनेतला: मोठे भांडे किंवा पेटी मनात आणायची, त्रास देणारे सगळे तिच्यात ठेवायचे, झाकण लावून कुलूप घालायचे, आणि सुरक्षित वेळ व माणूस मिळाला की ती पुन्हा उघडायची. याला दडपणे समजू नये. दडपलेल्या गोष्टीचे कुलूप आपल्या हातात नसते, या पेटीचे असते. काही मंडळ्यांत श्वासाच्या सरावाला ‘हे आपले नव्हे’ म्हणून विरोध होतो. शांतपणे एलीयाची गोष्ट वाचून दाखवावी (१ राजे १९). मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिले, दूताकरवी खायला-प्यायला दिले, पुन्हा झोपू दिले, आणि मग चाळीस दिवसांच्या वाटेनंतर त्याच्याशी बोलला. शरीर आधी सावरले.

शोकाच्या धड्यात तीन गावांचे चित्र काढायचे असते. नकार आणि रागाचे गाव, मग आशा हरवल्याचे गाव, मग नव्या सुरुवातीचे गाव. माणूस पुढे जातो, मागे येतो, स्मृतिदिनाला पुन्हा पहिल्या गावात जाऊन बसतो. पहिल्या गावातून थेट तिसऱ्यात उडी मारायला एक खोटा पूलही त्या चित्रात आहे. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत हा पूल बहुतेक वेळा धार्मिक शब्दांनी बांधलेला असतो: ‘तो प्रभूजवळ आहे, मग रडायचे कशाला?’ मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला येशू, काय करणार हे ठाऊक असूनही, कबरेपाशी रडला (योहान ११:३५). पुनरुत्थानाची आशा आणि आसवे एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात, याला यापेक्षा स्पष्ट दाखला नाही.

विलाप लिहिण्याची कृती हा आमच्या मते सगळ्या अभ्यासक्रमाचा गाभा. स्तोत्रसंहितेतील मोठा भाग विलापाचा आहे आणि उपासनेत मात्र आपण स्तुतीचीच स्तोत्रे निवडतो. धड्यात विलापाचे भाग दाखवले जातात: देवाला हाक, त्याने पूर्वी केलेल्याची आठवण, तक्रार, पापाची कबुली किंवा निर्दोष असल्याचे म्हणणे, मदतीची विनंती, क्वचित देवाचे उत्तर, आणि शेवटी भरवशाचे किंवा स्तुतीचे वचन. सगळे भाग प्रत्येक विलापात सापडत नाहीत. तक्रार मात्र हवीच, तिच्यावाचून तो विलाप होत नाही. नमुन्याला १३ वे स्तोत्र घ्यावे. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’ असा सवाल, तिसऱ्या-चौथ्यात विनंती, शेवटच्या दोनांत भरवसा.

त्यानंतर प्रत्येकाला कागद आणि निदान अर्धा तास द्यावा. बोलीभाषेत लिहू द्यावे. लिहिता येत नसेल त्याने गावे किंवा नुसते बोलावे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेवट गोड करण्याची घाई. कुणाचा विलाप तक्रारीवरच थांबला तर थांबू द्या. ८८ वे स्तोत्र अंधारावर संपते आणि तरीही ते शास्त्रात आहे. देवाला उद्देशून ओरडणारा माणूस अजून देवाशी बोलत असतो. वधस्तंभावर येशूने उच्चारलेला एकाकीपणाचा सवालही एका विलापस्तोत्राचीच, २२ व्याची, पहिली ओळ आहे. वाचून दाखवायची सक्ती नको. ज्याला वाचायचे त्याने वाचावे, बाकीच्यांनी ‘आमेन’सुद्धा न म्हणता ऐकावे.

चित्र काढण्याची कृती मुलांपुरती समजून वगळू नये. अत्याचाराबद्दल ज्यांना शब्द सापडत नाहीत त्यांना रंग सापडतात. विचार न करता हाताला येईल ते काढायचे, अर्धा-पाऊण तास, आणि मग हवे असल्यास दोघा-तिघांना सांगायचे. चित्राचा अर्थ दुसऱ्याने लावायचा नाही.

मग वधस्तंभाजवळ दुःख नेण्याची सभा. यशया ५३ मधला आपली दुःखे वाहणारा सेवक आणि यशया ६१ मधली भग्नहृदयी लोकांना पट्टी बांधण्याची घोषणा वाचली जाते. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या ६१ व्या अध्यायातल्या याच घोषणेवर बोट ठेवले होते (लूक ४). प्रत्येकजण आपले दुःख कागदावर लिहितो किंवा काढतो, लाकडी वधस्तंभाला खिळ्याने ठोकतो किंवा त्याच्या पायथ्याच्या पेटीत टाकतो. नंतर सगळे बाहेर जाऊन ते कागद जाळतात. ही सभा मनावर खोल ठसते, म्हणून ती आधीच्या धड्यांवाचून वेगळी काढून करण्याचा मोह होतो. तसे करू नये. ज्याने आपली जखम काय आहे हे अजून शब्दांत आणलेले नाही, त्याच्या हातून कागद जळतो आणि दुःख घरी परत जाते. ‘आता सगळे संपले’ असे तर गटचालकाने चुकूनही म्हणू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडू आलेल्या माणसाला मग वाटते की आपले प्रभूला दिलेलेच खोटे होते. मोठ्याने वाद्ये लावून भावना चढवू नयेत. आणि ज्यांच्या आठवणीत जळते घर आहे त्यांच्यासाठी आग नको. कागद पुरावेत किंवा पाण्यात विरघळवावेत.

क्षमेचा धडा शेवटी येतो आणि तो शेवटीच असायला हवा. परिणामांवरून पाहिले तर मंडळीत सर्वात जास्त हानी दुखावलेल्याने लवकर क्षमा करावी असा आग्रह धरल्याने होते. हा धडा क्षमा म्हणजे काय नव्हे हे आधी सांगतो. घडलेले क्षुल्लक होते असे म्हणणे नव्हे. काही झालेच नाही असे वागणे नव्हे. समोरच्याच्या माफीची वाट पाहणेही नव्हे. गुन्ह्याचे परिणाम त्याला भोगू न देणे नव्हे. आणि त्याच्यावर लगेच विश्वास टाकणे तर नव्हेच. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाकडे पाहा. भावांनी विकले होते, आणि भाऊ दुष्काळात दारी आले तेव्हा त्याने ओळख दिली नाही. त्यांची परीक्षा पाहिली, मधूनमधून एकांतात जाऊन रडला, यहूदा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम राहायला तयार झाला तेव्हाच तो उघड झाला. क्षमा त्याच्या मनात कधीची असेल, विश्वास मात्र त्याने पारखून ठेवला. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत जा’ असे सांगणाऱ्याने ही चार-पाच प्रकरणे पुन्हा वाचावीत. तिला आधी सुरक्षित जागा हवी, हवे तर पोलीस हवेत. क्षमेचा वेळ ती ठरवील.

लैंगिक अत्याचाराचा वेगळा धडा आहे. २ शमुवेल १३ मधली, सावत्र भावाच्या अत्याचाराला बळी पडलेली तामार कुठल्याही उपासनेत क्वचितच वाचली जाते. तिच्या सख्ख्या भावाने तिला गप्प बसायला सांगितले, बाप रागावला पण काही केले नाही, आणि ती उद्ध्वस्त होऊन त्या सख्ख्या भावाच्या घरी राहिली. शास्त्राने हे झाकलेले नाही. मंडळीनेही झाकू नये. हा धडा स्त्रियांच्या गटात स्त्रीनेच घ्यावा. पीडित मूल असेल तर गुप्ततेचे वचन लागू होत नाही, कायद्याने जिथे कळवायचे तिथे कळवावेच लागते. ही मर्यादा गटाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी, नंतर सांगितली तर तो विश्वासघात वाटतो.

मर्यादा आणखीही आहेत. आत्महत्येचे विचार, आवाज ऐकू येणे, दारूवाचून दिवस न जाणे, महिनोन्‌महिने झोप नसणे, यांवर हा गट उपचार नव्हे. तिथे डॉक्टर लागतात. औषध चालू असलेल्याने गटात आल्यावर ‘आता प्रभूने बरे केले’ म्हणून गोळ्या बंद करू नयेत, आणि गटात तशी साक्ष कुणी दिली तर चालकाने तिथल्या तिथे सौम्यपणे दुरुस्ती करावी. ताज्या आपत्तीतही हा अभ्यासक्रम काढायचा नसतो. पहिल्या दिवसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दोन संस्थांबरोबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले मानसिक प्रथमोपचाराचे मार्गदर्शक जास्त उपयोगी आहे. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढीच त्याची सूत्रे, आणि कुणालाही घडलेले सांगायला भाग पाडू नका ही ताकीद. पाणी, पांघरूण, हरवलेल्या नातलगाचा शोध आधी.

याच वाटेवरच्या दुसऱ्या दोन सेवांशी तुलना करायची तर, ‘ग्रीफशेअर’ हा तेरा आठवड्यांचा कार्यक्रम फक्त मृत्यूच्या शोकासाठी आहे. चित्रफीत, चर्चा आणि घरी करायची वही असा साचा असल्याने नवखा गटचालकही तो चालवू शकतो. जोडीदार किंवा मूल गेलेल्यांसाठी आम्ही आधी तोच सुचवू. ‘स्टीफन मिनिस्ट्री’ १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे सुरू झाली. तिथे गट नसतो. प्रशिक्षण घेतलेला एक सभासद एकाच दुखावलेल्या माणसाला नियमित भेटतो. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्यांना ते सोयीचे. मात्र हिंसा, विस्थापन, अत्याचार अशा जखमांसाठी, आणि एका वेळी अनेक माणसे हादरलेली असताना, आमची पसंती इथे परीक्षिलेल्या अभ्यासक्रमालाच.

एक उणीव राहतेच. मंडळीनेच, किंवा पाळकानेच, ज्याला जखम दिली त्या माणसाचे काय? त्याच इमारतीत, त्याच वधस्तंभासमोर त्याला बसवणे म्हणजे मीठ चोळणे. त्याचा गट मंडळीबाहेरच्या जागी आणि बाहेरच्या चालकाने घ्यावा. प्रार्थनेआधी विचारावे, डोक्यावर हात ठेवण्याआधी तर नक्कीच.

गट सुरू करायचा असेल तर चालकांनी आधी स्वतः सभासद म्हणून पूर्ण क्रम करावा. अधिकृत प्रशिक्षणही दोन टप्प्यांत होते, मध्ये प्रत्यक्ष गट चालवून पाहावा लागतो, आणि हा मधला टप्पा गाळणारे चालक दुसऱ्याच धड्याला उपदेशावर येतात. खुर्च्या गोलात मांडाव्यात, दाराकडे जायची वाट मोकळी ठेवावी, लहान मुलांना सांभाळायला वेगळे माणूस असावे. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाचा आणि आत्महत्या-प्रतिबंध दूरध्वनीचा क्रमांक चालकाच्या वहीत पहिल्या पानावर असावा. वधस्तंभाच्या सभेला धातूची बादली, वाळू आणि पाणी. शेवटच्या बैठकीनंतर महिन्याने आणि तीन महिन्यांनी भेटण्याच्या तारखा पहिल्याच दिवशी ठरवून ठेवाव्यात, आणि जो त्या दिवशी आला नाही त्याच्याकडे दोघांपैकी एका चालकाने स्वतः जाऊन यावे.